चिठ्ठी नसलेलं फुलपाखरू

१४ जानेवारी

चिरंजीव प्रोफेसरसाहेबांस ताईचा आशीर्वाद,

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "ताई, मीटिंग आहे" म्हणतोस. पत्र मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण त्यासाठी आधी उघडावं लागतं.

तुझा पेपर मिळाला. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्र, शेवटी आभारांची भली मोठी यादी आणि त्या यादीच्या शेपटाला "संग्रहालयातील कर्मचारी" म्हणजे मी. गेल्या वर्षी तू माझ्या खोलीतून खोकाभर नमुने उसने मागवलेस. माझी म्हणजे फुलपाखरांची खोली, जी बाबांनी आयुष्यभर उभी केली आणि आता मी सांभाळते ती. मी मुकाट्याने सगळं कापसात बसवून पाठवलं. त्यातला एक तपकिरी नर उचलून तू नवी प्रजाती जाहीर केलीस. एक नर. दुसरा नर नाही, मादी नाही, अळी नाही, कोश नाही. एकट्यावरच संसार थाटलास.

आणि वर तिला बाबांचं नाव! अख्खं खातं ज्यांना पाठीमागे "कात्री" म्हणायचं, त्या बाबांचं. दुसऱ्यांनी मिरवलेल्या प्रजाती एका ओळीत छाटून टाकण्यात त्यांचा हात कोणी धरला नाही. तुझी पहिली प्रजातीसुद्धा त्यांनीच छाटली होती, छापून, चारचौघांत: "हे नेहमीच्याच फुलपाखराचे कोरड्या दिवसांतले रूप, नवे काही नाही." तेव्हापासून जो तू घराबाहेर पडलास, तो अजून उंबऱ्याच्या आत आलेला नाहीस. आता ही नवी प्रजाती छाटायची तर बाबांना स्वतःचंच नाव छाटावं लागेल. हुशार आहेस. समेटाचा एक हात पुढे केलास, पण दुसऱ्या हातात चिमटा धरूनच.

असो. बाबांना मी पेपर वाचून दाखवला. सारांश संपल्यावर "परत वाच" म्हणाले. परत वाचला. मग खिडकीकडे तोंड करून विचारलं, "तो येणार आहे का?" नराच्या पोटाच्या टोकाला असलेल्या ज्या चिमट्यावर तुझी सगळी प्रजाती उभी आहे, त्याच्या लांबीबद्दल एक अक्षर नाही. कात्रीला गंज चढला म्हणायचा.

बाबा ठणठणीत आहेत. हल्ली दाढीला न्हावी घरी येतो, एवढा थाट आहे.

तुझी ताई


३ फेब्रुवारी

विद्वान,

तुझ्या उत्तरात "मत्सर" हा शब्द तीनदा आला आहे. मत्सर करायला समोर तसं काही असावं लागतं रे.

मी साधा प्रश्न विचारते. तू विद्यार्थ्यांना शिकवतोस, तेव्हा उत्तर तयार असेलच. या तपकिरी मंडळींचे पंख बघून कोणी सुज्ञ माणूस शपथ घेत नाही. पावसाळ्यात जन्मलं तर पंखाखाली टपोरे डोळे, कोरड्या दिवसांत जन्मलं तर त्याच जागी नुसती टिंबं. एकाच आईची पोरं, पण ओळखू येणार नाहीत. याच खड्ड्यात तू पहिल्यांदा तोंडघशी पडलास, म्हणून या वेळी पंख सोडून थेट पोटाला हात घातलास. इथपर्यंत ठीक. नर मादीला ज्याने धरतो, तो पोटाच्या टोकाचा चिमटा प्रत्येक प्रजातीचा वेगळा. "पंख खोटं बोलतात, चिमटा बोलत नाही." बाबांचं हे वाक्य तू पेपरात घातलंसच आहे, अवतरणचिन्हांत, म्हणजे ते वाचून विरघळावेत.

पण तूच लिहितोस की पंखांत आपल्या साध्या डोंगरी तपकिरीहून काडीचाही फरक नाही. खालची फिकट रेघ त्याच शिरेपाशी वाकते. मागच्या पंखावरचा केसांचा झुपका तसाच, तेवढाच, त्याच रंगाचा. आणि चिमटा मात्र जमीन-अस्मान वेगळा! डोंगरीचा आखूड, बोथट. तुझ्याचा लांब, टोकाला आकड्यासारखा वळलेला, आतून दातेरी. सख्ख्या भावाबहिणींतसुद्धा नाकात थोडा फरक असतो. इथे पोट इतकं परकं आणि पंख हुबेहूब, हे पाहून तुला एकदाही कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं नाही? जवळच्या सगळ्या प्रजातींचे चिमटे तपासले म्हणतोस. शाब्बास. मूळ नमुना परत पाठव, मलाही डोळे आहेत.

इकडे तुझ्या प्रजातीने धुमाकूळ घातला आहे. आमचे संचालक, ज्यांना फुलपाखरू आणि पतंग यांतला फरक "एक सुंदर असतं" एवढाच माहीत आहे, ते समारंभ करणार आहेत. बापाच्या नावाचं फुलपाखरू, लेकाच्या हस्ते, एप्रिलच्या पहिल्या शनिवारी. तू बायको-मुलीसकट येतो असं त्यांना कळवलंस म्हणे. आम्हाला कळवायची गरज नव्हती, आम्ही कर्मचारी.

बाबांनी नवा शर्ट शिवायला टाकला. शिंपी माप घ्यायला आला तेव्हा त्याला सांगत होते, "मुलगा येतोय, नातही येतेय, तिने मला अजून पाहिलेलं नाही." तिनेच पाहिलेलं नाही, जणू यांनी तिला रोज पाहिलंय. बाकी नेहमीसारखं. चहा मात्र हल्ली अर्धाच कप देते, पुरा भरलेला नको म्हणतात.

तुझी ताई


२२ फेब्रुवारी

चिरंजीवांस,

नमुना पोचला. आधी खाली बस, मग पुढचं वाच.

पोट तू, म्हणजे तुझ्या कोणा विद्यार्थ्याने, तोडून कॉस्टिकमध्ये उकळून काचेवर लावलं आहे. स्वतः तोडलं असतंस तर बोटांना कळलं असतं. वाळलेलं पोट छातीपासून तुटताना कुरकुरतं. हे कट्कन उखडलं असणार. जिथून तोडलं तिथे, छातीच्या टोकाला, मोहरीहून लहान असा पिवळट चकचकीत तुकडा राहिला आहे. मायक्रोस्कोपखाली धरला. ओला ब्रश लावला. विरघळला. डिंक आहे, प्रोफेसर.

मग मी शेजारचा ड्रॉवर ओढला. त्यात किनाऱ्यावरच्या झुडपांतली पट्टेवाली आहेत, पंखावरून फिकट पट्टा गेलेली. त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही आणि त्यांच्या नराचा चिमटा आजवर कोणी चितारलेला नाही. म्हणून तुझ्या तुलनेत ती आली नाहीत. डोंगरी तपकिरीशी त्यांची तुलना करावी असं कोणाच्या डोक्यातही येणार नाही. रांगेत एक नर पोटाविना उभा होता. त्याच्या शेजारच्याचं पोट मी स्वतः उकळलं. लांब चिमटा, आकड्यासारखं टोक, आतून दात. तुझी आकृती शेजारी ठेवली. दातसुद्धा तितकेच.

म्हणजे बाबांच्या नावाची प्रजाती ती ही. पंख डोंगरातले, पोट किनाऱ्यावरचं, मध्ये डिंक. जगात असा जीव एकच आहे आणि तो कधी उडालेला नाही.

तू म्हणशील, चिठ्ठी नव्हती. खरं आहे, नव्हती. आपल्या खोलीचा नियम तुला पाठ आहे. शाळेतून थेट इथे यायचास आणि बाबा तुझ्याकडून घोकून घ्यायचे: तुटलेलं चिकटवलं तर टाचणीला "चिकटवले" अशी चिठ्ठी लागलीच पाहिजे. एकदा एका नमुन्याची मिशी चिकटवून चिठ्ठी लावायला विसरलास, तर त्यांनी तुला महिनाभर ड्रॉवरला हात लावू दिला नव्हता. या नमुन्याला चिठ्ठी नाही. कोणी चिकटवलं ते विचारू नकोस. ते कळून तुझी प्रजाती काही पंख फडफडवायला लागणार नाही.

आता सरळ सांगते. मूळ नमुनाच खोटा आहे, तर स्वतः होऊन पेपर मागे घे. मी बाहेर कोणाला बोलणार नाही. दुसऱ्या कोणी पकडलं तर तुझं हसं होईल आणि बाबांच्या नावाचं त्याहून जास्त. समारंभ गेला खड्ड्यात. पण तू मात्र ठरल्याप्रमाणे ये. बाबांना काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. शिंप्याने शर्ट आणून दिला आहे.

ताई


१२ मार्च

तुझं पत्र वाचलं. इतकी अक्कल पाजळशील असं वाटलं नव्हतं, पण तुझ्याबाबत माझा अंदाज नेहमी चुकतो, आणि तोही एकाच बाजूला.

तुझं म्हणणं असं की खोली माझ्या ताब्यात, ड्रॉवर माझे, डिंकाची बाटली माझी, तेव्हा चिकटवलं मीच. बाबांच्या ड्रॉवरमध्ये बाबा तर असलं काही करणार नाहीत. आणि तुझी फजिती व्हावी म्हणून मी जाणूनबुजून तो नमुना खोक्यात घातला. म्हणजे मी इतकी वर्षं दबा धरून बसले होते, की एक दिवस माझा भाऊ नेमका हाच तपकिरी नर उचलेल! माझ्याबद्दल तुझं मत एवढं मोठं आहे हे ऐकून भरून आलं.

ठीक आहे. मी चिकटवलं असं समज. मला काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो शेवटच्या ओळीने. "त्या घरात आता पाय ठेवणार नाही." हे तू संचालकांनाही कळवलंस, म्हणजे तुझी बाजू आधी पोचली. पेपर मागे घ्यायला मात्र तुला सवड नाही. समारंभातून शेपूट घालून पळायला आहे.

बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. संचालकांनाही दटावून ठेवलं आहे. काल बाबा विचारत होते, नातीला पायऱ्या चढता येतील ना, की तिला उचलून घ्यावं लागेल. ती सातवीत आहे हे मी त्यांना सांगितलं. "अरे वा," म्हणाले, आणि बोटांवर वर्षं मोजू लागले.

ताई


३० मार्च

बाळ,

लहानपणी तुला असंच म्हणायचे. आज मायन्याला टोमणा सुचत नाही म्हणून. लगेच फुशारू नकोस, खाली येतीलच.

बाबांना कळलं. मी नाही सांगितलं. संचालकांनी सांगितलं, तेही न कळता, जसं त्यांचं सगळंच चालतं. समारंभासाठी तुझ्या पेपरातलं फुलपाखराचं छायाचित्र, पोट तोडण्याआधीचं, त्यांनी मोठं करून घेतलं होतं, दाराएवढं. तू येणार नाहीस म्हटल्यावर आता त्याचं करायचं काय, म्हणून परवा स्वतः घरी घेऊन आले, बाबांना भेट द्यायला. भिंतीला टेकवून उभं केलं. "साहेब, हे तुम्ही!" असं म्हणून हसलेसुद्धा.

आता तुला मी आजवर न लिहिलेलं लिहिते. बाबांचे हात थरथरतात. आज-काल नाही, बरीच वर्षं. वस्तरा धरवत नाही म्हणून न्हावी येतो. कप अर्धा भरते कारण पुरा भरला तर मांडीवर सांडतो. डोळेही अधू झालेत. भिंग त्यांना हातात स्थिर धरता येत नाही, म्हणून तुझा पेपर मी वाचून दाखवला. छायाचित्रातलं फुलपाखरू त्यांना तपकिरी डागासारखं दिसत होतं. पत्रात "बाबा ठणठणीत" लिही, ही त्यांची ताकीद. तू कधी खोलात जाऊन विचारलं नाहीस, त्यामुळे मला फारसे कष्टही पडले नाहीत. फुलपाखराच्या पोटातला केस दिसतो तुला, पण स्वतःच्या बापाचा हात दिसायला चार तासांच्या प्रवासाची सवड नव्हती.

पण दाराएवढं फुलपाखरू त्यांना दिसलं. जवळ गेले. छाती आणि पोट जिथे जुळतात तिथे नाक लावल्यासारखं बघितलं. तिथली चकाकी एवढी मोठी झाल्यावर आंधळ्यालाही दिसली असती. संचालक काहीबाही बोलत होते. बाबा म्हणाले, "तुम्ही आता या." ते गेल्यावर खाली बसले आणि म्हणाले, "डिंक माझा आहे."

मी म्हटलं, "बाबा, असेल कोणाचा तरी."

"माझा आहे. मला थेंब ओळखू येतो. जास्त झालाय. हात हलला की जास्तच पडतो."

मग हळूहळू सगळं सांगितलं. निवृत्तीनंतरही ते खोलीत यायचे, ते दिवस. मी बाहेर गेले होते. दोन ड्रॉवर शेजारी उघडे होते, हात थरथरला, हातातला चिमटा दोन नरांना लागला आणि दोघांचीही पोटं गळून पडली. एक बोटाखाली चुरडलं. उरलेलं कोणाचं ते अधू डोळ्यांना कळेना. अंदाजाने चिकटवलं, दुसरा तसाच ठेवून ड्रॉवर लावून टाकला. मी विचारलं, "चिठ्ठी का नाही लावलीत?" तर माझ्याकडे असं पाहिलं, की विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. "चिठ्ठी लावली असती तर तू वाचली असतीस," म्हणाले. "माझ्या हातून तुटतंय हे तुला कळलं असतं. मग तू मला ड्रॉवरला हात लावू दिला नसतास."

मी आजवर त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

थोड्या वेळाने म्हणाले, "त्याने बरोबर केलं." मी म्हटलं, कोणी? म्हणाले, "आणखी कोणी? पंखांवर विश्वास ठेवला नाही, चिमट्यावर ठेवला. चिठ्ठी नाही म्हणजे नमुना अखंड, असं धरलं. मी शिकवलं तसंच केलं पोराने." मी तीन महिने तुला मूर्ख, उतावळा, नावाचा हपापलेला, काय काय म्हटलं. त्यातलं पुष्कळ मी अजूनही मागे घेत नाही, एका नगावर प्रजाती करणारा माणूस शहाणा नसतोच. पण ही चूक तू बाबांवर डोळे मिटून विश्वास ठेवलास म्हणून झाली. तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने छाती तपासली असती. मला हे फार जड जातंय लिहायला, तेव्हा दोनदा वाच, पुन्हा लिहिणार नाही.

काल सकाळी त्यांनी मला कागद घेऊन बसवलं. नियतकालिकाला टिपण पाठवायचं म्हणाले. सांगितलं तेही त्यांच्या जुन्या थाटात, एका ओळीत: "मूळ नमुन्याचे पोट दुसऱ्या प्रजातीचे असून चुकून चिकटवलेले आहे, ही प्रजाती अस्तित्वात नाही." स्वतःचं नाव स्वतःच छाटलं, आवाजही बदलला नाही. मी विचारलं, खाली नाव कोणाचं घालू? म्हणाले, "दोघांचं. त्याचं आधी."

बाबांनी आयुष्यात कोणाचं नाव स्वतःच्या आधी घातलेलं तुला आठवतं? मला तर आठवत नाही.

सही त्यांनी स्वतः केली. तीन कागद फुकट गेले, चौथ्याची प्रत सोबत पाठवते आहे. ती सही नीट बघ. तिला मायक्रोस्कोप लागत नाही.

तुझ्या सहीची जागा मूळ कागदावर मोकळी सोडली आहे. बाबा म्हणतात की नियमाप्रमाणे दोन्ही लेखकांनी एकाच कागदावर, एकमेकांसमोर सही करायला हवी, पोस्टाने चालत नाही. असा कुठलाही नियम नाही. तुलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. बाबांनी नियम खोटा सांगितल्याचं माझ्या तरी कानावर हे पहिल्यांदाच पडलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

समारंभ रद्द झाला आहे, तेव्हा घाबरायचं कारण नाही. हार नाहीत, भाषण नाही, संचालक नाहीत. दाराएवढं फुलपाखरू भिंतीकडे तोंड करून उभं केलं आहे. तुझ्या जुन्या खोलीतले खोके हलवून मी दोन खाटा टाकल्या आहेत. मुलीला आण. तिला कोणी उचलून घेणार नाही, पण तिने आजोबांचा कप धरायला हरकत नाही.

यायचं असेल तर ये, नसेल तर कळवायचे कष्ट घेऊ नकोस. कागद तसाच ठेवीन, एका सहीचा. पण मी न्हाव्याला त्या ठरलेल्या शनिवारी सकाळी लवकर यायला सांगून ठेवलं आहे.

तुझी ताई